लष्करी मालमोटारींचा वेग आणि त्याची मोजदाद

अवजड मालमोटार किती वेगाने धावू शकते आणि तिला किती वेगाने धावू द्यावे, हे दोन प्रश्न सामान्यतः एकच समजले जातात. परंतु हजारो मालमोटारी चालविण्याची, त्या दुरुस्त राखण्याची आणि त्यांतील माणसे व माल ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी ज्यांच्या शिरावर असते, त्या लष्करी वाहतूक खात्यांनी हे दोन प्रश्न फार पूर्वीच वेगळे केले, आणि पहिल्याचे उत्तर कारखान्यावर सोपवून दुसऱ्याचे उत्तर स्वतःच्या हुकुमाने देण्याचा शिरस्ता पाडला. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. कांदिवलीला लष्कराचा सेंट्रल ऑर्डनन्स डेपो आहे, घाटकोपरला नौदलाचे साहित्यभांडार आहे, आणि मुलुंडवरून जाणारा जुना आग्रा रस्ता पुढे ठाणे व कसारा घाट ओलांडून देवळालीच्या तोफखाना विद्यालयाच्या बाजूला जातो. पाटीच्या आरंभी ऊर्ध्वमुख बाण, त्यामागे वर्षाचे दोन आकडे, मग एक अक्षर आणि अनुक्रमांक अशा क्रमाने नंबर लिहिलेल्या हिरव्या गाड्या अंधेरी-बोरिवलीच्या रहिवाशांना नित्य परिचयाच्या आहेत. त्याच रस्त्यांवरून माहूलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतले टँकर, बांधकामाचे डंपर आणि परप्रांतीय मालाच्या गाड्याही जातात; तेव्हा लष्कराने अवजड वाहनाच्या वेगाविषयी जे ज्ञान संपादन केले ते नागरी वाहतुकीला कितपत उपयोगी पडेल, हा विचार येथल्या नागरिकाच्या जिवाशी निगडित आहे.

मोजणे, रोखणे, नोंदणे

वेगावर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रांची कामे तीन प्रकारची आहेत: वेग मोजणे, वेग रोखणे आणि वेगाची नोंद ठेवणे. या तिन्हींची गल्लत झाली की धोरणातही गल्लत होते, म्हणून प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट आहे.

मोजण्याचे यंत्र म्हणजे चालकासमोरचा काट्याचा मीटर. जर्मन अभियंता ओट्टो शुल्झे याने १९०२ साली ज्या तत्त्वाचे पेटंट घेतले, त्याच तत्त्वावर पुढे जवळजवळ शतकभर जगातल्या बहुसंख्य मोटारींचे वेगमापक चालले. गिअरबॉक्सच्या मागल्या टोकापासून निघालेली लवचिक केबल मीटरमधल्या एका लहान चुंबकाला फिरविते. त्या चुंबकाभोवती, त्याला स्पर्श न करता, ॲल्युमिनियमची एक वाटी बसविलेली असते. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युत्प्रवाहाचे भोवरे उत्पन्न होतात व ते तिला चुंबकाच्या दिशेने ओढू लागतात. आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचीत असल्यामुळे, दोन ओढींचा जेथे तोल साधतो तेथे काटा स्थिर होतो. या रचनेला बॅटरी लागत नाही, धूळ आणि धक्के ती पुष्कळ सोसते, आणि बिघडलीच तर बहुधा केबल तुटते, जी रस्त्याच्या कडेला उभे राहून बदलता येते. लष्करी वाहनांत ती दीर्घकाळ टिकली याचे कारण या साधेपणात आहे. अलीकडच्या गाड्यांत केबलची जागा दातेरी चक्रासमोर बसविलेल्या संवेदकाने घेतली असली, तरी मोजले जाते ते अद्यापि चाकाचे किंवा दांड्याचे फिरणेच.

रस्त्यावरचा खरा वेग आणि चाकाचे फिरणे यांत अंतर पडते ते येथेच. सुमारे १ मीटर २ सेंटिमीटर व्यासाच्या टायरचा घेर ३ मीटर २० सेंटिमीटरांच्या आसपास भरतो, म्हणजे किलोमीटरभर जाण्यास त्याचे सुमारे ३१२ फेरे होतात. त्या टायरची नक्षी १२ मिलिमीटर झिजली की व्यास २४ मिलिमीटरांनी घटतो आणि मीटर खऱ्या वेगापेक्षा सव्वादोन टक्क्यांहून थोडा अधिक आकडा दाखवू लागतो; उलट त्याच धुरीवर मोठे टायर चढविले की मीटर कमी सांगतो आणि गाडी अधिक पळते. पहिली चूक सुरक्षिततेच्या बाजूची आहे, दुसरी घातक. म्हणूनच वेगमापकाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या नियमावलीने दाखविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा केव्हाही कमी असता कामा नये असे बंधन घातले, आणि अधिक दाखविण्याची मुभाही खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा अधिक ताशी ४ किलोमीटर एवढीच मुकरर केली. म्हणजे खरा वेग ६० असता काटा फार तर ७० वर जाऊ शकतो, ५९ वर मात्र राहू शकत नाही.

रोखण्याचे यंत्र म्हणजे गव्हर्नर. डिझेल इंजिनाच्या इंधनपंपात फिरत्या वजनांचा एक गव्हर्नर मुळातच असतो. फेरे ठराविक मर्यादेबाहेर जाऊ लागले की तो इंधन आखडतो, आणि इंजिनाची कमाल फेऱ्यांची संख्या, शेवटच्या गिअरचे प्रमाण व टायरचा घेर यांवरून गाडीचा कमाल वेग आपोआप ठरतो. परंतु हा गव्हर्नर इंजिनावर अंकुश ठेवतो, गाडीवर नव्हे. घाटाच्या उतारावर डिझेल वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटतो, गव्हर्नर निरुपयोगी होतो, इंजिनाचा रोधही नाहीसा होतो, आणि सर्व भार तापत जाणाऱ्या ब्रेकवर येऊन पडतो. कसारा आणि बोर घाट चढउतार करणाऱ्या कोणत्याही अनुभवी चालकाला हे ठाऊक असते. गाडीचा प्रत्यक्ष वेग पाहून इंधन रोखणारा स्वतंत्र स्पीड गव्हर्नर हा त्यानंतरचा उपाय. तोही उतारावर गाडी पकडून ठेवू शकत नाही, हे विसरता कामा नये.

नोंद ठेवणारे यंत्र म्हणजे टॅकोग्राफ. त्याच्या जुन्या प्रकारात मेणाचा लेप दिलेली कागदी तबकडी चोवीस तासांत एक फेरा पुरा करीत असे आणि सुईने कोरलेल्या रेषेवरून गाडी केव्हा निघाली, केव्हा थांबली, कोणत्या क्षणी किती वेगाने धावली आणि चालकाला विश्रांती किती मिळाली, हे दुसऱ्या दिवशी वाचता येत असे. युरोपीय समुदायाने १९७० सालच्या नियमाने टॅकोग्राफ सक्तीचा करण्याचे ठरविले. ब्रिटनमधल्या कामगार संघटनांनी त्याला चालकावर पाळत ठेवणारा हेर म्हणून तीव्र विरोध केला आणि ब्रिटिश सरकारही चालढकल करू लागले, तेव्हा १९७९ साली युरोपीय न्यायालयाने त्या सरकारच्या विरुद्ध निकाल दिला. १ मे २००६ पासून नव्या गाड्यांना अंकीय टॅकोग्राफ आला. लष्करी वाहनांना या नियमातून सूट आहे. परंतु नोंदीचे तत्त्व लष्कराला नवीन नाही, कारण प्रत्येक गाडीबरोबर वही ठेवावयाची, निघतानाचा व परततानाचा मीटरचा आकडा, प्रवासाचे कारण आणि जबाबदार व्यक्तीची सही तीत उतरवावयाची, ही शिस्त लष्करी वाहतुकीत जुनीच आहे.

लष्करी मालमोटारींचे कमाल वेग

लष्करी मालमोटारींच्या कमाल वेगाचे आकडे प्रथम पाहणाऱ्यास ते अनपेक्षितपणे कमी वाटतात. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्याचा कणा ठरलेली अडीच टनी जीएमसी मालमोटार ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटर, हा आपला कमाल वेग मानीत असे. तिची वारस एम-३५ ही ५६ मैलांपर्यंत, म्हणजे ९० किलोमीटरपर्यंत पोहोचली. सोव्हिएत संघाची झिल-१३१ ताशी ८० किलोमीटर आणि उराल-३७५ ही ७५ किलोमीटर धावे; क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या आठ चाकी माझ-५४३ ची मजल ६० किलोमीटरांच्या आसपास होती. या गाड्यांची इंजिने दुबळी होती असे मुळीच नाही. चिखलात, वाळूत आणि नदीच्या पात्रात सर्व चाकांना बळ पुरविण्यासाठी त्यांच्या धुरीतील दातेरी चक्रांचे प्रमाण ओढीला अनुकूल असे निवडलेले असते. पुढच्या-मागच्या धुऱ्यांना बळ वाटणारी ट्रान्स्फर केस आणि पुढची चालती धुरी यांचे वजन व घर्षण सदैव बरोबर असते. आणि खोल, जाड नक्षीचे टायर अतिवेगाने तापून फुटण्याची भीती असते. शेतातून तोफ ओढून नेण्याची शक्ती आणि महामार्गावर पळण्याचा वेग या दोन्ही गोष्टी एकाच गाडीकडून पूर्णांशाने मागता येत नाहीत, आणि सैन्याने निवड केली ती शक्तीची.

याहून महत्त्वाचे असे की, या कमाल वेगाचाही उपयोग करण्याची परवानगी चालकाला क्वचितच असे. अमेरिकी सैन्याच्या मालमोटारींत चालकासमोर धातूची एक पट्टी खिळलेली असे व तीवर प्रत्येक गिअरमध्ये गाडीने अधिकात अधिक किती वेग घ्यावा याचे आकडे कोरलेले असत. तो आकडा ओलांडणे म्हणजे इंजिनाचा घात करणे, हे चालकाला रोज डोळ्यांसमोर दिसे. फ्रान्समध्ये पुढे सरकलेल्या सैन्याला रसद पुरविण्यासाठी २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर १९४४ या काळात चाललेल्या ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या वाहतूकव्यवस्थेचा दाखला या संदर्भात अत्यंत उद्बोधक आहे. ताशी २५ मैल वेग आणि दोन गाड्यांत ६० यार्डांचे अंतर असा तिचा लेखी हुकूम होता. आघाडीवर पेट्रोल आणि दारूगोळा यांची निकड इतकी होती की अनेक चालकांनी आपल्या गाड्यांचे गव्हर्नर काढून टाकले आणि मर्यादा मोडून गाड्या हाकल्या. रसद पोहोचली, चार लाखांहून अधिक टन माल आघाडीपर्यंत गेला; पण टायर, इंजिने आणि थकलेली माणसे यांच्या रूपाने त्या वेगाची किंमतही सैन्याने मोजली. ज्यांच्यावर वेळेचा असह्य ताण आहे त्यांच्या हाती रोखण्याचे यंत्र दिले आणि त्या ताणाचा बंदोबस्त केला नाही, तर ते यंत्र फार काळ जागेवर राहत नाही, हा त्या मोहिमेचा धडा आहे.

काफिल्याचे गणितही येथेच समजून घेतले पाहिजे. तीस गाड्यांचा काफिला, प्रत्येकीची लांबी सुमारे ७ मीटर आणि मधले अंतर ५५ मीटर धरले, तर रस्त्याची १,८०० मीटरांहून अधिक लांबी व्यापतो. पुढच्या गाडीने वेग थोडा कमी केला की मागची त्याहून थोडी अधिक थबकते, आणि हा परिणाम साखळीने वाढत जाऊन शेवटच्या गाडीला कधी जवळजवळ थांबावे लागते, तर कधी अंतर भरून काढण्यासाठी म्होरक्याच्या दीडपट वेगाने धावावे लागते. म्हणून काफिल्याचा वेग शेवटच्या व सर्वांत मंद गाडीच्या शक्तीचा विचार करून ठरवावा लागतो. ब्रिटिश सैन्याने यासाठी मीटरवर दिसणारा ताशी वेग आणि विसाव्यासह तासाभरात प्रत्यक्ष काटले जाणारे अंतर यांची दोन वेगळी परिमाणे ठेवली होती. अमेरिकी सैन्याने मीटरच्या आकड्याला एका ठराविक गुणकाने गुणून दोन गाड्यांमधले अंतर काढण्याची रीत घालून दिली होती. काट्याचा मीटर हा त्यांच्या दृष्टीने अंतर राखण्याचे साधन होता.

शांततेच्या काळातही याच विवेकाचा प्रत्यय येतो. अमेरिकी सैन्याच्या एम-९३९ या पाच टनी मालमोटारींचा कमाल वेग ६३ मैल होता. परंतु ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच चाके जखडून गाडी घसरण्याचे व उलटण्याचे अपघात वाढले, तेव्हा १९९० च्या दशकाच्या अखेरीस सैन्याने त्यांचा वेग ताशी ४० मैलांवर आणून ठेवला आणि चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा व नवे टायर बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच सुमारास नव्याने दाखल झालेल्या एका मालमोटारवर्गात वेगाने फिरणाऱ्या दांड्याच्या कंपनामुळे भाग तुटू लागले, तेव्हा दुरुस्ती होईपर्यंत त्या गाड्यांना ३० मैलांची मर्यादा लावण्यात आली. आधी वेग उतरवावयाचा, मग दोष शोधून दूर करावयाचा, आणि मगच वेग परत द्यावयाचा, हा क्रम अनुकरणीय आहे.

आपल्याकडे लष्करी मालमोटारी बनविण्याच्या परंपरेचा आरंभ जबलपूरला झाला. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान मालमोटार १९५९ पासून तेथे तयार होऊ लागली, आणि तिने जवळजवळ चार दशके भारतीय सैन्याचा भार वाहिला. पुढे तिची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियनने व टाटांच्या गाड्यांनी घेतली. महाराष्ट्राचा वाटा परीक्षणाच्या बाजूने मोठा आहे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था सैन्याच्या गाड्या पारखून घेते, आणि १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन नागरी वाहनांचे परीक्षण करते व मानके सिद्ध करते. वेग रोखणाऱ्या यंत्रांचे ‘एआयएस-०१८’ हे मानक अशा मानकांपैकीच आहे.

कायदा आणि उपनगरे

लष्करी गाडीला वेगमर्यादा लागू नसते असा एक समज सर्वत्र रूढ आहे, आणि तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ११२ व्या कलमाने वेगाच्या मर्यादा घातल्या आहेत. त्यातील तिसऱ्या पोटकलमाने ६० व्या कलमाखाली नोंदलेल्या संरक्षण खात्याच्या वाहनांना जी सवलत दिली आहे, ती १९३८ च्या युद्धसराव व गोळीबार सरावविषयक कायद्याखाली अधिसूचित केलेल्या क्षेत्रात, अधिसूचित मुदतीत, प्रत्यक्ष युद्धसराव चालू असतानाच लागू होते. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून कांदिवलीला येणाऱ्या लष्करी मालमोटारीला त्या कलमाचा आधार नाही. कायद्याची ही तरतूद अत्यंत समंजस आहे. सवलतीला स्थळ, काळ आणि कारण या तिन्हींचे कुंपण घालण्याची ती रीत इतर अनेक सवलतींना लावण्याजोगी आहे.

नागरी मालवाहू गाड्यांसाठी एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने द्रुतगती मार्गावर व चौपदरी दुभाजित रस्त्यावर ताशी ८०, आणि महापालिका हद्दीतील रस्त्यांवर ६० किलोमीटरांची कमाल मर्यादा ठरविली. त्याआधी, एप्रिल २०१५ च्या अधिसूचनेने १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या वाहतूक वाहनांना कारखान्यातच ८० किलोमीटरांवर बांधलेला स्पीड गव्हर्नर आवश्यक केला; टँकर, डंपर आणि शाळेच्या बसगाड्या यांना ६० ची मर्यादा घातली. हे पाऊल निःसंशय स्तुत्य होते. तथापि ८० आणि ६० या दोन आकड्यांतील अंतर उपनगरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा चालक एका सेकंदात सावध झाला आणि ब्रेक उत्तम असले, तरी गाडी थांबेपर्यंत सुमारे ४५ मीटर जाते. ८० च्या वेगाने तीच गाडी ७० मीटरांहून अधिक जाते. मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, जेथे मेट्रोच्या बांधकामाने रस्ता अरुंद झालेला आणि पादचारी दुभाजकातून वाट काढणारा, तेथे या पंचवीसहून अधिक मीटरांत एक माणूस वाचतो किंवा वाचत नाही. गव्हर्नर एकच आकडा जाणतो. रस्ता मात्र नाक्यागणिक, शाळेगणिक, वळणागणिक आपला आकडा बदलतो.

पूर्वी मुलुंड आणि दहिसर येथील जकात नाक्यांवर गाड्यांच्या रांगा लागत आणि शहरात शिरणाऱ्या मालगाडीचा वेग तेथे सक्तीने मोडे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली. व्यापाराची सोय झाली, परंतु महामार्गावरचा वेग आणि नगरातला वेग यांमधला तो उंबरठाही गेला. शिवाय दिवसा अवजड वाहनांवर बंधने असल्यामुळे या गाड्या रात्री मोकळ्या रस्त्यावर वाट काढतात, आणि मोकळा रस्ता थकलेल्या चालकाला वेगाचा मोह घालतो. वेग पकडण्याची आधुनिक साधने पोलिसांकडे आली आहेत: परावर्तित लहरींच्या वारंवारतेतील फरकावरून वेग काढणारे रडार, प्रकाशकिरणाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून तो काढणारी लेसर गन, आणि कॅमेऱ्यावरून घरपोच जाणारे ई-चलन. २०१९ च्या दुरुस्तीने १३६-अ या कलमाद्वारे इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि १८३ व्या कलमाखालील अवजड वाहनांचा दंड २,००० ते ४,००० रुपये झाला. परंतु कॅमेरा एका बिंदूवर पाहतो. त्या बिंदूपाशी वेग उतरवून पुढे तो पुन्हा चढविणे कोणाही चालकाला अवघड नाही. दोन कॅमेऱ्यांमधले अंतर आणि ते काटण्यास लागलेला वेळ यांवरून सरासरी वेग काढणारी पद्धत त्याहून न्याय्य आहे, आणि मुलुंड ते घाटकोपर किंवा दहिसर ते अंधेरी असे सलग पट्टे तिला सर्वस्वी योग्य आहेत.

रोखण्याच्या यंत्राचीही मर्यादा ओळखली पाहिजे. पासिंगपुरता गव्हर्नर जोडून नंतर त्याची वायर सोडून ठेवण्याची वहिवाट मालवाहतुकीच्या धंद्यात अपरिचित नाही, आणि तिचे मूळ चालकाच्या उद्दामपणात शोधणे अन्यायाचे आहे. ज्याला ठरल्या पहाटे भिवंडीच्या गोदामात माल उतरवावयाचा आहे, उशीर झाल्यास ज्याच्या मजुरीतून पैसे कापले जातात आणि रात्रभर ज्याला झोप नाही, तो १९४४ च्या त्या लष्करी चालकाच्याच जागी उभा आहे. त्याला वेगाच्या पापात ढकलणारा करार आणि वेळापत्रक दोन्ही पडद्याआड राहतात, कारण त्यांची नोंद कोठेही होत नाही.

या सर्व आढाव्यातून माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो: आपल्या धोरणाने मोजण्याची व रोखण्याची सोय केली, नोंद मात्र दुर्लक्षित ठेवली. केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातक माल वाहणाऱ्या गाड्यांसाठी टॅकोग्राफ सांगितलेला आहे. तोच नियम माहूलच्या टँकरांपासून आरंभ करून मुंबईत येणाऱ्या प्रत्येक अवजड मालगाडीला लावावा, पासिंगच्या वेळी गव्हर्नरच्या प्रमाणपत्राबरोबर मागील वर्षाच्या वेगाची आणि विश्रांतीची नोंद परिवहन कार्यालयाने तपासावी, आणि नोंदीवरून वेळापत्रकच अशक्य होते असे दिसल्यास दंड चालकाकडून न घेता माल पाठविणाऱ्याकडून आणि गाडीच्या मालकाकडून घ्यावा. लष्कराचा काफिला शिस्तीने चालतो तो चालक भित्रे असतात म्हणून नव्हे. वेगाचा हुकूम देणारा अधिकारी त्या हुकुमाखाली सही करतो आणि परिणामाला उत्तरदायी राहतो म्हणून. नागरी मालवाहतुकीत वेगाचा खरा हुकूम जो देतो त्याची सही कागदावर आणणे, हे काम आपल्या कायदेमंडळाला आणि परिवहन खात्याला आज करता येण्याजोगे आहे, आणि ते अधिक काळ लांबणीवर टाकण्यास कोणतेही समर्थनीय कारण उरलेले नाही.